हुकूम कोणाचा, हात कोणाचा?



जुलै २०२४ मध्ये बंगळुरू शहरातील जी. टी. वर्ल्ड मॉलच्या दारात एक वयस्कर शेतकरी आपल्या मुलाबरोबर आला. दोघांकडे चित्रपटाची तिकिटे होती. शेतकरी धोतर नेसलेला होता. दारावरील पहारेकऱ्याने त्याला अडवले. धोतर नेसून आत जाता येणार नाही, पँट घालून या, असे त्याला सांगण्यात आले. या प्रसंगाचे चित्रण देशभर पोहोचले, संताप उसळला आणि कर्नाटक सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवण्याचा आदेश दिला. मॉलवाल्यांनी क्षमा मागितली आणि प्रकरण मिटले.

त्या शेतकऱ्याचा अपमान झाला, याबद्दल कोणाचे दुमत असणार नाही. आम्ही मात्र त्या पहारेकऱ्याचा विचार करीत राहिलो. सर्वांनी चेहरा पाहिला तो त्याचा. तो काही मॉलचा मालक नव्हता. त्याचे स्वतःचे वडीलही गावाकडे धोतरच नेसत असतील. ज्याने कोणी बंद खोलीत बसून 'अशा माणसांना आत घेऊ नका' असे ठरवले, त्याचा चेहरा आपल्याला आजही ठाऊक नाही.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. सातारा-सांगलीची माणसे खंबाटकीचा घाट ओलांडून पुण्या-मुंबईला पोट भरायला जातात, हे पिढ्यान् पिढ्या चालले आहे. आज आपल्या धर्मग्रामातील काही मुले तेथील मॉलमध्ये कामाला आहेत. कोणी दारावर आहे, कोणी पार्किंगमध्ये, कोणी विजेच्या देखभालीत, तर एक मुलगी कचेरीत, गाळे भाड्याने देणाऱ्या विभागात आहे. त्यांच्यापैकी एका तरुणाने मिस्सेनंतर आवारात आम्हाला एक प्रश्न विचारला. तो म्हणाला, "कोणाला आत सोडायचे आणि कोणाला नाही, हे मला नजरेने ठरवावे लागते. लेखी नियम कोणी दाखवलेला नाही. साहेब म्हणतात, 'पब्लिक बघून सोड.' मी ज्याला अडवतो तो बहुतेक वेळा आमच्या अण्णांसारखाच दिसतो. हे पाप आहे का? आणि असेल तर ते माझे की कंपनीचे?"

प्रश्न साधा वाटतो, पण चार वाक्यांत उत्तर देण्यासारखा नाही. म्हणून आजचे पान त्यासाठी ठेवले आहे.

प्रथम हा धंदा कसा चालतो ते पाहू, कारण त्यावाचून प्रश्नाची गाठ सापडत नाही. मॉलची कंपनी स्वतः साडी विकत नाही की बूट विकत नाही. ती जागा देते. तिचे उत्पन्न म्हणजे गाळ्यांचे भाडे. बऱ्याच करारांत किमान भाडे ठरलेले असते आणि गाळ्याच्या विक्रीतील ठरावीक हिस्सा त्यापेक्षा जास्त भरला, तर तो द्यावा लागतो. वर जिने, संडास, दिवे, वातानुकूलन यांच्या देखभालीचा आकार निराळा. म्हणून दारातून किती माणसे आत आली याची मोजणी यंत्राने होते आणि तो आकडा कचेरीत जातो. माणसे पुष्कळ हवीत, पण खर्च करणारी हवीत. 'पब्लिक बघून सोड' या तीन शब्दांचे मूळ या हिशेबात आहे.

दुसरी गोष्ट, अशा मोठ्या कंपनीच्या स्वतःच्या पटावर माणसे थोडी असतात. इमारत सांभाळण्याचे काम दुसऱ्या कंपनीकडे, तिने पहारा एका एजन्सीकडे सोपवलेला, झाडलोट आणखी एकीकडे. मुलाच्या छातीवर नाव एजन्सीचे, तो उभा मॉलच्या दारात, आणि त्याला हुकूम देणारा साहेब तिसऱ्याच कंपनीचा नोकर. मालकाने त्याला पाहिलेले नाही, त्यानेही मालकाला पाहिलेले नाही. बारा-बारा तास उभे राहायचे, डबा तळघरात जनरेटरच्या आवाजात खायचा, ये-जा मागच्या दाराने करायची आणि घरी निघताना स्वतःचीच पिशवी तपासून द्यायची, असे या मुलांनी आम्हाला सांगितले. (बसण्याचा प्रश्न लहान वाटतो. पण केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांत काम करणाऱ्यांना बसायला जागा देणे कायद्याने सक्तीचे केले, ते उगाच नव्हे.) नाताळात मॉलमध्ये दोन-तीन मजले उंच ख्रिसमस वृक्ष उभा राहतो. त्याच्याभोवती लोक छायाचित्रे काढतात आणि त्याची राखण करणाऱ्या आपल्या मुलाला नाताळची सुट्टी नसते.

रविवारचेही तसेच. महाराष्ट्रात डिसेंबर २०१७ पासून लागू झालेल्या दुकाने व आस्थापना कायद्याने सातही दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली आणि प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तास सुट्टी द्यावी असेही बजावले. ती सुट्टी रविवारीच मिळेल असे मात्र नाही, कारण मॉलचा खरा दिवस तोच. ज्या मुलांना या कारणाने संकोच वाटतो त्यांनी मन लहान करू नये. शनिवारच्या संध्याकाळच्या मिस्सेने रविवारचे कर्तव्य पार पडते.

आता मूळ प्रश्नाकडे. हुकूम देणारा दूर आणि हात आपल्या माणसाचा, ही रीत मॉलने शोधून काढलेली नाही. मुंबईची फिनिक्स मिल घ्या. ही कापडगिरणीची कंपनी १९०५ साली स्थापन झाली. लोअर परळच्या त्या गिरणीच्या जागेवर आज मॉल आहे आणि तीच कंपनी, तेच जुने नाव घेऊन, देशातील सर्वांत मोठ्या मॉल-मालकांत गणली जाते. पुण्यात विमाननगरला २०११ मध्ये आणि वाकडला २०२३ मध्ये तिचे मॉल सुरू झाले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी मुंबईच्या गिरण्यांत कामगारांची भरती मालक करीत नसत, ती जॉबर करी. हा जॉबर कामगारांतूनच वर आलेला आणि पुष्कळदा आपल्याच मुलखाकडची माणसे भरणारा. सकाळी फाटकापाशी बदली कामगारांचा घोळका उभा राही. त्यातून कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला उपाशी परत पाठवायचे, हे जॉबरच्या नजरेवर. आत घेतल्याबद्दल तो दस्तुरीही खाई. कोणी जाब विचारला तर, वरून तेवढीच माणसे मागितली आहेत, हे त्याचे उत्तर तयार. ते खोटेही नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि जॉबरही गेला. फाटकावर कोणीतरी आपलाच माणूस उभा करण्याची युक्ती मात्र टिकली.

ख्रिस्तसभेला हा प्रश्न त्याहून जुना आहे. सतराव्या शतकात काही नीतिशास्त्रज्ञ असे शिकवू लागले होते, की एखादा धनी वाईट हेतूने रात्री दुसऱ्याच्या घरात शिरत असेल आणि त्याचा नोकर सारे माहीत असून त्याला खांदा देत असेल, शिडी आणून देत असेल, दार उघडून देत असेल, तर धनी मारील, डोळे वटारील किंवा घरातून हाकलून देईल या भीतीने केलेले हे काम नोकराचे गंभीर पाप ठरत नाही. पोप इनोसंट अकरावे यांच्या काळात १६७९ साली रोमने पासष्ट विधाने चुकीची म्हणून फेटाळली, त्यांत हे एक होते. नोकरी जाईल ही भीती खरी असते, पण तेवढ्याने हात स्वच्छ होत नाहीत, असा त्याचा अर्थ.

एवढ्यावर थांबलो तर गरिबावर अन्याय होईल. पुढच्या शतकात संत आल्फॉन्सस लिगोरी यांनी याच प्रश्नावर बारकाईने लिहिले. ते धर्मगुरू होण्यापूर्वी नेपल्समध्ये वकील होते, त्यामुळे माणसे कोणत्या कात्रीत सापडतात हे त्यांना पुस्तकाबाहेरही ठाऊक होते. त्यांनी फरक केला. दुसऱ्याच्या वाईट इच्छेत जो स्वतःची इच्छा मिसळतो त्याचा सहभाग एका जातीचा. ज्याचे मन त्यात नाही, केवळ ज्याचे काम दुसऱ्याने आपल्या वाईट कृत्यासाठी वापरून घेतले आहे, त्याचा दुसऱ्या जातीचा. पहिला सहभाग कधीच क्षम्य नाही. दुसऱ्यात मात्र पाहावे लागते, की काम मुळात कसले आहे, ते त्या वाईट कृत्याच्या किती जवळ आहे आणि न केल्यास त्या माणसावर काय ओढवेल. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात दुसऱ्याच्या पापात आपण वाटेकरी कसे होतो ते सांगितले आहे. त्यात स्वतः भाग घेणाऱ्याबरोबर हुकूम देणारा आहे, सल्ला देणारा आहे, वाहवा करणारा आहे आणि रोखणे कर्तव्य असताना न रोखणाराही आहे. बंगळुरूच्या दारात यांपैकी एकच उभा होता, हे आपण ध्यानात घ्यावे.

त्या तरुणाने आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली. मागे एकदा त्याने एका म्हाताऱ्या जोडप्याला आत सोडले. बाबांच्या अंगावर मळके धोतर, आजींच्या हातात बोचके. फिरत्या जिन्यावर पाय ठेवायला ती दोघे घाबरली, तेथे थोडी गर्दी झाली, कोणीतरी तक्रार केली. याला दारावरून काढून पंधरा दिवस तळघरातील पार्किंगमध्ये टाकले. तेथे धूर आणि उकाडा, शिवाय जादा पाळीचे पैसे बंद. बहिणीची कॉलेजची फी त्यातूनच जायची. पुन्हा दारावर आणल्यावर तो लोकांना अडवू लागला. आम्हाला प्रश्न विचारला तो त्यानंतर.

म्हणजे उत्तर देताना त्या फीचाही विचार केला पाहिजे. नोकरी सोड, असे सांगणे आम्हाला सोपे आहे, कारण ती आम्हाला सोडायची नाही. संत लूकच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायात जकातदार आणि शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येऊन विचारतात, आम्ही काय करावे? दोघेही एका प्रचंड सत्तेचे लहानसे हात. योहान कोणाची भीड ठेवणारा नव्हता, राजालाही त्याने तोंडावर सुनावले. तरी तो त्यांना अंगावरचा पोशाख उतरवून जा, असे म्हणत नाही. जकातदाराला सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नकोस. शिपायांना सांगतो, कोणावर जबरदस्ती करू नका, खोटे आळ घेऊ नका, आपल्या पगारात भागवा. (हा शेवटचा भाग मालक मंडळींना फार आवडतो. पण योहानाने तो हातात शस्त्र असलेल्यांना सांगितला, पगार ठरवणाऱ्यांना नव्हे. त्यांच्यासाठी पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली न्याय्य वेतनाविषयी स्वतंत्र लिहून ठेवले आहे.) आपला सातारा तर शिपायांचाच जिल्हा. अपशिंगे गावाला मिलिटरी अपशिंगे म्हणतात आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावाने ४६ माणसे गमावली. लष्करातून निवृत्त झालेले आपल्याकडील कितीतरी जण पुढे सुरक्षा एजन्सीत सुपरवायझर होतात. हुकूम म्हणजे काय हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले कळते आणि कोणता हुकूम तोंडी घ्यायचा नसतो, हेही.

त्या तरुणाला आम्ही जे सांगितले ते असे. दारू पिऊन आलेल्याला, हत्यार घेऊन आलेल्याला, मुलींना त्रास देणाऱ्याला अडवणे हे तुझे खरे काम आहे, ते निर्धास्तपणे कर. कपडे पाहून अडवायचे असेल तर साहेबांना नम्रपणे म्हण, 'सर, हा नियम लिहून द्या, म्हणजे माझ्याकडून चूक होणार नाही.' जो नियम कागदावर लिहायची लाज वाटते, तो दारावरच्या मुलाच्या तोंडात घातला जातो. लिहून देत नसतील तर पुढच्या वेळी अशा माणसाला बाजूला खुर्चीवर बसव, पाणी दे, साहेबांना बोलाव आणि 'तुम्ही आत येऊ शकत नाही' हे वाक्य त्यांनाच त्यांच्या तोंडाने म्हणू दे. बहुतेक साहेब म्हणणार नाहीत. आणि याचीही सोय नसेल, अडवावेच लागले, तर त्या पापातील तुझा वाटा लहान आहे. पण तो तुझा आहे. तुला तो टोचतो आहे, तोवर तुझे मन त्या नियमात मिसळलेले नाही.

त्यावर तो म्हणाला, "आणि परत पार्किंगला टाकले तर?" याचे चांगले उत्तर आमच्याजवळ नव्हते. फी भरण्यासाठी धर्मग्रामातून काही करता येईल का, हे आम्ही पाहत आहोत. आपण कोणाला सद्सद्विवेकाने वाग म्हणून सांगितले, तर त्याच्या खर्चाचा थोडा भार आपणही उचलला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

वाटा जसजसा वर जातो तसतसा तो वाढतो, हात मात्र अधिक स्वच्छ दिसू लागतात. कचेरीतील मुलीचे उदाहरण आहे. मार्च २०२० मध्ये मॉल बंद झाले, ते महाराष्ट्रात ऑगस्टमध्ये उघडले, २०२१ मध्ये पुन्हा काही महिने बंद राहिले. त्या काळात थकलेल्या भाड्याच्या आणि देखभाल आकाराच्या नोटिसा गाळेधारकांना पाठवण्याचे काम तिच्याकडे होते. मोठ्या ब्रँडजवळ वकील असतात, तो मॉल सोडून गेला तर मॉलचीच पत जाते, म्हणून त्याच्याशी बोलणी होतात. कोपऱ्यात मोबाईलची कव्हरे विकणाऱ्याला नोटीस जाते. तिला कोणाच्या तोंडावर काही बोलावे लागले नाही. पत्राखाली कंपनीचे नाव होते. ती म्हणाली, "मी फक्त मेल पाठवला." आणि ते खरे होते. पण तिला शिक्षण होते, दुसरी नोकरी मिळण्याची शक्यता होती, साहेबांपुढे फाईल नेताना 'याला हप्ते बांधून देऊया' असे लिहिण्याची मुभा होती. एकदा तिने तसे लिहिले आणि ते मान्यही झाले. दुसऱ्यांदा लिहायचे राहून गेले, असे ती म्हणते. दारावरच्या मुलाला नाही म्हणायला जेवढी किंमत पडते, त्याच्या निम्मीही तिला पडली नसती. आणि तिच्या साहेबांना तर जवळजवळ काहीच नाही. आमच्या मते जबाबदारीचे माप येथे आहे, नाही म्हणण्याची ज्याला जितकी ऐपत, तितका त्याचा दोष.

आणि मग आपण, गिऱ्हाईक. सांगलीच्या कापड पेठेत किंवा साताऱ्याच्या मोती चौकात दुकानदार चिखलाच्या पायांनी आलेल्या म्हाताऱ्याला आधी बसायला सांगतो. त्यात माणुसकी आहे, शहाणपणही आहे, कारण उसाचे बिल कोणत्या बंडीच्या खिशात आहे हे त्याला सांगता येत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील खांद्यावर घोंगडी टाकून, क्रांतिसिंह नाना पाटील धोतर-फेट्यात आयुष्यभर वावरले. नाना पाटलांना १९५७ मध्ये साताऱ्याने लोकसभेत पाठवले आणि संसदेच्या दारात त्यांना कोणी पँट मागितली नाही. आपलीच माणसे पुण्याच्या मॉलमध्ये गेली, की मात्र तेथील स्वच्छता, गारवा आणि 'चांगली वस्ती' यांचे कौतुक करीत परततात. ती वस्ती चांगली कशी ठेवली जाते हे विचारत नाहीत. त्या म्हाताऱ्या जोडप्याविरुद्ध तक्रार कंपनीच्या मालकाने केली नव्हती. मागे खोळंबलेल्या कोणा गिऱ्हाइकाने केली होती. हातात पिशव्या असलेल्या, आपल्यासारख्याच.

संत याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय घरी जरूर वाचावा. सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस येतो आणि मळक्या कपड्यांतला गरीब येतो. एकाला चांगल्या जागी बसवतात, दुसऱ्याला उभे राहा किंवा खाली बस म्हणतात. याकोबाने हे कोणा व्यापाऱ्याला लिहिले नाही. ख्रिस्ती मंडळी जेथे जमत होती, तेथल्या दाराविषयी लिहिले.

आपल्या सणाच्या मिस्सेसाठी मंडप घालायचा आहे. दारावर उभे राहायला सहा स्वयंसेवक हवे आहेत. पुढच्या दोन ओळींतील खुर्च्यांवर कोणाच्या नावाच्या चिठ्ठ्या लावायच्या, ती यादी अद्याप केलेली नाही.